गोखरूची अक्षरं

बेचाळीस साली मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही धारवाडला सप्तापुरात राहत होतो. अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. घरामागच्या माळावर गोखरू माजलेलं असे. पायात मोडणारा काटा एवढीच त्याची ओळख. मला मात्र त्याची जमिनीलगत पसरण्याची तऱ्हा आवडे. तिच्यावरून मी अक्षरं बसवली होती. काना म्हणजे पेरांची काडी, मात्रा म्हणजे जोडीजोडीची बारीक पानं, अनुस्वाराच्या जागी काटेरी फळ. तशा अक्षरांत 'सुस्वागतम्' भरलेला रुमाल आई चहाच्या तबकात घालायची.

माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, एका मित्राने तो रुमाल पाहिला आणि चळवळीच्या पत्रकासाठी त्याच वळणात 'चले जाव' काढून मागितलं. मी दिलं. घरात बोलले नाही.

आठवड्याभराने सकाळीच फौजदार आला. अप्पा टोपी घालून निघाले होते. त्याने पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं आणि कानडीत म्हणाला, "रावसाहेब, तुमच्याकडे सगळ्यांचे कागद येतात. हे वळण ओळखीचं वाटतं का?"

मी दारामागे उभी होते. अप्पा पत्रकाकडे बघत राहिले. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तबकात तोच रुमाल होता, आणि एका कपाच्या बाजूने माझं 'तम्' स्पष्ट दिसत होतं.

अप्पांनी पुढे होऊन दोन्ही कप स्वतः उचलले. "तबक आत ने. इथं कागद आहेत," ते आईला म्हणाले. मग फौजदाराकडे वळले. "नाही. हे वळण मी पाहिलेलं नाही."

अप्पा खोटं बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

फौजदार गेल्यावर ते आत आले. "आणखी कुठं आहेत?" एवढंच विचारलं. मी कागद काढून दिले. त्यांनी ते न्हाणीघराच्या चुलीत घातले. आई कात्री घेऊन रुमालाचे टाके उसवत बसली. अप्पा त्या दिवशी उशिरा कचेरीत गेले आणि पुढे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अण्णाचा मित्र अळणावरच्या स्टेशनवर सापडला. ते अप्पांनीच सांगितलं, जेवायला बसता बसता.

"फार मारलं त्याला. पत्रक कुणी काढलं ते विचारत होते."

"मग?" आईने विचारलं.

"पोरानं तोंड उघडलं नाही."

त्यांनी भाताला हात घातला.