जॅम, जेली आणि सासूबाईंची बरणी

आमच्या सासूबाई इंग्लंडात आमच्याकडे बेसिंगस्टोकला येतात तेव्हा घराला शिस्त लागते आणि मला भूक. दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडतात. हे मी पुण्यातल्या मैत्रिणींना सांगत नाही, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "ही शेवटची खेप हं. यापुढे तुम्हीच सांगलीला या," तेव्हा मी हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर जाऊन बसले.

तब्येत तर ठणठणीत. मग झालं काय? "काही नाही गं. तुम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपवर. मी पाहुणी. पाहुण्यानं किती दिवस बसून खायचं?"

सांगलीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पोस्टातून रिटायर झाल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या लाडवांचा पाक त्यांच्या नजरेखालून जातो आणि त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय कढई उतरत नाही. त्या बाईला आम्ही इथे सोफ्यावर बसवून रिमोट हातात दिला होता. नवऱ्यानं ज्येष्ठांच्या वॉकिंग ग्रुपचं सुचवून पाहिलं. "चालून पोचायचं कुठे?" असं त्यांनी विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

मग लायब्ररीत एक पत्रक मिळालं. काउन्सिलकडून जमिनीचे तुकडे भाड्यानं घेऊन भाजी पिकवणाऱ्या मंडळींचं सप्टेंबरात प्रदर्शन होतं. त्यात भोपळे, गाजरं होतीच, शिवाय घरी केलेल्या टिकाऊ पदार्थांची स्पर्धा होती. जॅम, जेली, मार्मलेड, चटणी, पिकल, प्रत्येकाचा गट वेगळा. आईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "जॅम आणि जेलीत फरक काय?"

शब्दांचा कीस पाडायला मला कुणाच्या आग्रहाची गरज लागत नाही. मी सांगितलं की जॅममध्ये फळाचा गर असतो. जेली नुसत्या गाळलेल्या रसाची, आरपार दिसायला हवी. मार्मलेड संत्र्या-लिंबाचं, सालीसकट.

"म्हणजे आपल्यासारखंच," त्या म्हणाल्या. "किसून साखरेत घातला की साखरांबा, गुळात घातला की गुळांबा, फोडी ठेवल्या की मुरांबा. आंबा एकच."

चटणीवर मात्र आमची जुंपली. इथली चटणी म्हणजे फळं आणि कांदे व्हिनेगर-साखरेत घोटून शिजवायचे आणि बरणी निदान दोन महिने मुरत ठेवायची. ताजी चटणी इथे कच्ची समजतात, हे ऐकून आईंना हसू आवरेना. "मुरली तर ते लोणचं. शब्द आपला नेला आणि आत भलतंच भरलं." शेवटी लोणचंच करायचं ठरलं. लोणचं म्हणजे पिकल हे आम्ही दोघींनी शाळेतच पाठ केलेलं, त्यामुळे त्या एका शब्दाबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही.

कैरी नव्हती, पण शेजाऱ्यांच्या झाडाखाली आंबटढाण सफरचंदांचा सडा पडला होता. हे स्वयंपाकाचे अ‍ॅपल, नुसते खायचे वेगळे, हेही आईंना मी समजावलं. त्यांनी फोडी केल्या, मोहरीची डाळ फेसली, हिंग आणि मेथी तळली, वरून गार केलेली फोडणी ओतली. रोज सकाळी त्या बरणी हलवून बघत. घरभर वास सुटायचा आणि आई गुणगुणायच्या. मला इतका आनंद व्हायचा की ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद करून स्वयंपाकघरात डोकावून यायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षण चालू असताना स्पर्धकांना हॉलमध्ये जाता येत नाही. दुपारी दारं उघडली आणि आम्ही आत गेलो. आईंच्या बरणीसमोर कार्ड होतं, पण बक्षिसाचं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'नॉट अ‍ॅज शेड्युल'. म्हणजे नियमात बसत नाही. खाली सुबक अक्षरांत आणखी एक ओळ होती. चव सुंदर, पण हे तेलातलं आहे, पिकल व्हिनेगरमध्ये असतं.

माझं डोकं फिरलं. पत्रकात व्हिनेगरचा उल्लेख कुठे होता? परीक्षक बाई टेबलाशीच उभ्या होत्या, पांढरा एप्रन, खिशात चमचे. मी तरातरा निघाले, तर आईंनी माझं मनगट धरलं.

"भांडतेस काय? बरोबर आहे तिचं. उद्या कुणी माझ्यापुढे जॅम ठेवून मुरांबा म्हटलं तर मी बक्षीस देईन? पत्ता चुकला की पत्र परत येणारच."

आणि माझ्या आधी त्याच बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, माय पिकल, राँग ग्रुप. ओके. बट धिस चटणी, व्हाय फर्स्ट?"

त्या बाईंनी एक कोरा चमचा काढून त्यांच्या हातात दिला. आईंनी पहिल्या नंबरची चटणी चाखली, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग दुसऱ्या नंबरची. "गुड. बट शुगर बर्न्ट. लिटल." बाई म्हणाल्या की सकाळपासून त्या हेच सांगताहेत, आणि हॉलमध्ये कुणालाच ते कळत नाहीये. दोघी टेबलाच्या कडेकडेनं एकेक बरणी करत निघाल्या. एकीचं इंग्रजी तुटक, दुसरीला मराठीचा गंध नाही, तरी माझी कुणाला गरज पडली नाही. जेलीपाशी पोचेपर्यंत आईंनी पदर खोचला होता.

निघताना बाईंनी विचारलं, पुढच्या सप्टेंबरला बरण्या उघडायला आणि चाखायला जोडीला उभं राहाल का? आई नुसत्या हसल्या. गाडीत मी जॅम-जेलीबद्दलच बोलत राहिले, पुढच्या सप्टेंबरचं विचारायचा धीर होईना.

घरी आल्या आल्या त्यांनी सांगलीला माझ्या नणंदेला फोन लावला. मी सिंकपाशी भांडी विसळत होते. "नापास झाले गं, सपशेल," त्या खुशीत सांगत होत्या. "नाही, वाईट कसलं? आता पुढच्या वर्षी यावंच लागणार. ती बाई एकटी कुठवर चाखणार?"

मी नळ बंद केला. ऐकलं होतं नीट, पण पुन्हा ऐकायचं होतं. "काय म्हणालात, आई?"

"फोनवर आहे," त्या म्हणाल्या. "मध्ये बोलू नकोस."