सँडरची खंडेनवमी

आमच्या गॅलरीतल्या झोपाळ्याची सागवानी फळी सासऱ्यांनी लग्नात दिलेली. मी ती इतकी वर्षं उन्हापावसात ठेवली की तिच्यावर बसलेला माणूस उठताना कपड्यांत कुसळं घेऊनच उठायचा. दसऱ्याला सासरे वणीहून येणार होते. बायको म्हणाली, "सुताराला बोलवा." मी म्हणालो, "घरात लाकूड घासायचा सँडर असताना?" तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

खंडेनवमीला पान्हे, हातोडी, ड्रिल पुसून पाटावर मांडलं. मधोमध सँडर, नवरदेवासारखा. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, आणि भक्ती फारच दाटून आल्यामुळे नेमका बटणावर एक पेढा.

दसऱ्याच्या सकाळी फळी घासायला घेतली. निम्मी झाली नाही तोच मशीन गुरगुरलं, तापलं आणि बंद पडलं. प्लग बदलला. पॉलिश पेपर काढून त्याची भोकं तबकडीच्या भोकांशी जुळवून पुन्हा लावला. भुशाची पिशवी झटकली, तर सगळा भुसा माझ्याच डोक्यावर. मोटरचे कार्बन ब्रश पाहिले, ते धडधाकट. मग एक थापड मारली. आमच्या घराण्यात रेडिओपासून हाच उपाय चालत आलाय. ढिम्म!

बायको दारात येऊन उभी. "बाबा द्वारका चौकात बसमधून उतरलेत. रिक्षा बघतायत."

प्लग काढून अख्खं मशीन उघडलं. पंख्याला झेंडूच्या पाकळ्या गुंडाळलेल्या, हवेच्या फटींत अक्षता, बटणाच्या खाचेत तुपकट पेढा.

"मशीनला जेवू घातलंत?" बायको म्हणाली.

सुईनं एकेक अक्षत टिपली, पेढा खरवडला, सगळं जोडून बटण दाबलं. सुरू! आणि पोटात उरलेलं कुंकू त्यानं भस्सकन् ताज्या घासलेल्या लाकडावर फेकलं. मी घाईघाईनं ओल्या फडक्यानं पुसलं. कोऱ्या सागवानानं तो रंग गटागटा पिऊन टाकला.

बेल वाजली. मी फळीवर सतरंजी टाकली. सासऱ्यांनी बसायच्या आधी ती उचललीच.

"जावईबापू, निम्मीच दाढी केली, अन् वर गुलाल? कोण निवडून आलं?"

"सँडरची पूजा केली होती, बाबा."

"पेढाबी ठेवला असंल?"

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"ठेवला होता."

पांढऱ्या लेंग्याला रंग नको म्हणून ते खरखरीत बाजूला बसले, पायानं झोका घेत चहा प्यायले. संध्याकाळी सोनं द्यायला उठले, तेव्हा मागे हात फिरवून एक लांब कुसळ त्यांनी उपसलं, उजेडात धरून निरखलं आणि मला ओलांडून लेकीला विचारलं, "सुताराचा नंबर हाय का गं तुझ्याकडं?"