भाऊजींची आडवी ओळ

जगात जे जे तक्त्यात बसत नाही ते अजून कुणाला नीट समजलेलं नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. भाऊजींचा दिग्रसला फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढून उरलेल्या वेळात ते आमच्या दैनिकाचे वार्ताहर असत, की बातम्या देऊन उरलेल्या वेळात फोटो काढत, याचा निकाल ताईलाही कधी लावता आला नाही. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की गावभर कापसाची पिसं उडत आणि थेट लॅपटॉपच्या बटणांत जाऊन बसत. भाऊजी दाढीच्या ब्रशनं ती झाडत आणि त्याच ब्रशनं दाढी करत. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "साळेबुवा, दोन्हीकडं मळ सारखाच हाय."

हे तक्त्याचं वेड त्यांना नागपुरात लागलं. शोधबातम्या करणाऱ्या पत्रकारांना संगणकावर माहिती कशी चाळायची ते शिकवणारं एक शिबिर होतं. तिथून भाऊजी जाडजूड पुस्तिका, फुकटात मिळणाऱ्या साधनांची नावं आणि धर्मांतर केलेल्या माणसाचा चेहरा घेऊन परतले. पहिला प्रयोग घरातच झाला. माझ्या भाचीसाठी, म्हणजे स्वतःच्याच मुलीसाठी, आलेल्या स्थळांचा त्यांनी तक्ता केला. उंची, नोकरी, घरचं वावर किती एकर आणि 'मुलाचा मामा कसा बोलतो' असे रकाने आखले आणि सगळ्यांना चाळणी लावली. पडद्यावर एकही मुलगा उरला नाही. "साधन बरोबर हाय, मुलंच कमी पडून राह्यले," असं त्यांचं अनुमान होतं. ताईनं चाळणी काढायला लावली तेव्हा कुठे पोरीचं लग्न जमलं.

मग रविवारी ते यवतमाळला येऊन आमच्या कार्यालयात वर्ग घेऊ लागले. मी तिथे उपसंपादक, आणि त्यांचा सर्वांत मठ्ठ विद्यार्थी. पहिल्याच दिवशी मी अख्खी बातमी एका चौकटीत टाइप केली. ती पडद्याच्या उजव्या कडेनं निघाली ती पुसदच्या दिशेनं गेली, पुन्हा दिसली नाही. पुढच्या रविवारी मी तक्ता कागदावर छापून घेतला आणि खाली पेनानं बेरीज मारली. भाऊजी तो कागद बराच वेळ पाहत राहिले, आजारी माणसाचा एक्स-रे पाहावा तसे. मग वर्गाला उद्देशून म्हणाले, "आडवी ओळ म्हंजे एक घर. घरातला मानूस उचलून दुसऱ्याच्या घरी झोपवाचा नाही. एवढं ध्यानात ठेवा, बाकी यायनं नाही ठेवलं तरी चालते." 'यायनं' म्हणजे मी.

कपाशीचे वाईट दिवस होते ते. त्यातल्या एका वर्षी झाडं छातीएवढी वाढली, पण अनेक वावरांत बोंडंच धरली नाहीत. बियाणंच वांझ, असं लोक म्हणत होते. पण म्हणणं आणि छापणं यांत अंतर असतं. भाऊजींनी माहितीच्या अधिकारात कृषी खात्याच्या पाहणीचे कागद मिळवले, कागदाच्या फोटोतून अक्षरं उचलणाऱ्या साधनानं त्यांचा तक्ता केला. शेतकरी, फोन, गाव, बियाणाचा लॉट, बोंडांची स्थिती. नापास वावरांत पुन्हा पुन्हा तेच लॉट दिसू लागले. संपादकांनी पहिलं पान द्यायचं कबूल केलं, तक्त्यासकट आणि भाऊजींच्या नावासकट. तालुक्याच्या वार्ताहराचं नाव आमच्याकडे छापत नसत. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढ्यावरच माणसं म्हातारी होत. ताईनं त्या दिवशी पुरण घातलं.

छापण्याआधी ओळीओळीतल्या शेतकऱ्याला एकदा फोन करायचा, हा भाऊजींचा नेम. मी संध्याकाळी पान लावायला घेतलं, तरी त्यांचे फोन संपले नव्हते. तेवढ्यात माझाच वाजला.

"साळेबुवा, महागावकडचा एक मानूस मले विचारून राह्यला, हे कोनतं गाव माह्या नावावर टाकलं? म्हने, थ्या गावात माही सासुरवाडीही नाही."

"एकाची चूक असन, भाऊजी."

"एकाची नाही. गावं अकारविल्हे लावताना मी फक्त गावाचाच रकाना धरला. मानसं जागच्या जागी, गावं सारे हालले." मग म्हणाले, "सारे घरं फोडले म्या."

वर्गात हे कुणी केलं असतं तर ते मीच, याविषयी आम्हा दोघांचंही एकमत होतं. म्हणूनच बहुधा मी त्यांना माझ्यासारखं वागायला सुचवलं. म्हणालो, "बियानं तं वांझच निंघालं ना? गावाचा तक्ता कोन वाचते? जाऊ द्या."

"उद्या साहेब लोकं पंचनाम्याले थ्याच गावात जातीन. तिथं कापूस फुटलेला दिसला तं म्हनतीन, सारेच खोटं बोलून राह्यले. थांबवा बातमी."

"पहिलं पान पुन्हा नाही भेटनार. तुमचं नाव हाय त्यावर."

"माह्यं हाय ना? मंग मले ठरवू द्या."

मी बातमी काढली. रिकाम्या जागी एका मंत्र्याच्या दौऱ्याचा फोटो बसवला. भाऊजींनी प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून तक्ता पुन्हा लावला. तो छापून आला आतल्या पानावर, 'आमच्या वार्ताहराकडून'. मी नावासाठी संपादकांशी भांडलो, असं ताईला सांगितलं आहे. खरं म्हणजे मी एकदा विचारलं, ते 'बघू' म्हणाले, आणि मी तेवढ्यावर उठून आलो.

बातमी आल्यावर आठवड्यानं मी दिग्रसला गेलो. भाऊजी त्या महागावकडच्या शेतकऱ्याला फोनवर तक्त्यातली त्याची ओळ वाचून दाखवत होते, सावकाश, एकेक रकाना करत. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, "आता बराबर हाय! पंचनाम्यालेही येऊन गेले. कोनं लिहिलं जी हे?"

भाऊजींनी पुढ्यातल्या त्या पेपरात 'आमच्या वार्ताहराकडून' या शब्दांवरून एकदा बोट फिरवलं.

"पेपरवाल्यायनं," ते म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.