सातव्या प्रकरणातली आई

तेजल गेली तेव्हा दिंडोरीला द्राक्षांची काढणी ऐन भरात होती. स्वीडनहून फोन आला तो तिच्या थोरल्या बहिणीला, निकिताला, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटवर. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं तेजलचा नवरा मतियास इंग्रजीत सांगत होता आणि निकिता त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "कोणती तेजल?"

आईकडे, कुसाबाईंकडे, पासपोर्टच नव्हता. निकिताकडे होता, पण व्हिसा वेळेत झाला नाही. तिकडे माणूस गेल्यावर अंत्यविधी काही आठवड्यांनी करतात. तो दोघींनी दिंडोरीच्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर पाहिला. पांढरी पेटी, बाहेर बर्फ, काळे कोट घातलेली अनोळखी माणसं. पहिल्या रांगेत तेजलची आठ वर्षांची मुलगी बसली होती, लाल लोकरी टोपी घालून. ती पेटीकडे पाहत नव्हती. ती कुठेच पाहत नव्हती.

"तिला कुनीतरी जवळ घ्या रे," कुसाबाई फोनला म्हणाल्या. पलीकडे ऐकायला कोणी नव्हतं.

तेजल दिंडोरीजवळच्या एका वायनरीत प्रयोगशाळेत काम करायची. तिथे नवी यंत्रं बसवायला मतियास आला, दोन हंगाम राहिला आणि जाताना तिला घेऊन गेला. गावात बोलणं झालं, मग विरलं. मुलगी झाली तेव्हा तेजलने तिचं नाव सागा ठेवलं. तिकडच्या भाषेत सागा म्हणजे गोष्ट.

"सागा? सागाचं लाकूड का काय?" असं म्हणत कुसाबाईंनी तिची सागू करून टाकली.

नावामागचं कारण निकिताला न सांगताच कळलं होतं. दोघी बहिणी लहानपणापासून जादूच्या, राक्षसांच्या, उडत्या सापांच्या गोष्टींवर वाढलेल्या. एकच पुस्तक दोघी मिळून वाचायच्या, निकिताचं पान आधी संपायचं आणि तेजल ओरडायची, "ताई, थांब ना!" पुढे निकिता शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाली, चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही. वाचन मात्र तेच राहिलं. शाळेतल्या बाई हसायच्या. निकिता नव्या पुस्तकाबद्दल तेजलशी फोनवर तासभर बोलायची, तेवढं तिला पुरत होतं. तेजल गेल्याचा फोन आला त्याच्या आदल्या संध्याकाळी ती समुद्राखालच्या एका राज्याच्या कादंबरीचा तिसरा भाग वाचत होती. राणीला विष दिलं गेलं होतं. ती जगली की मेली, हे निकिताला आजही माहीत नाही. ते पुस्तक पुन्हा उघडायचं धाडस तिला झालं नाही.

सागू आजीशी मराठीत बोलायची. तीही दिंडोरीच्या वळणाची: "आज्जी, काय करती? भाकर खाल्ली का?" आई गेल्यावर ती मराठी बंद झाली. रविवारी निकिता नाशिकहून दिंडोरीला यायची तेव्हा मतियास फोन लावायचा, मुलीला समोर बसवायचा. कुसाबाई हाका मारायच्या, "सागू, ए सागू, इकडं बघ ना बाळा." मुलगी मान वळवायची. फार झालं की उठून जायची.

"ती शाळेत बोलते," मतियास म्हणायचा. "माझ्याशीही बोलते, थोडं थोडं. फक्त मराठी नको म्हणते."

एका रविवारी तो संकोचत म्हणाला, "आपण हे फोन काही महिने थांबवू या का? तिला त्रास होतो."

कुसाबाईंना इंग्रजी कळत नव्हतं. निकिताने त्यांना सांगितलंच नाही. आईची एक मुलगी गेली होती. आता नातही जात होती, आणि हे त्यांच्या भाषेत सांगायला तिची जीभ उचलेना.

त्या आठवड्यात निकिता स्वीडिश शिकायला लागली.

हे वेड होतं, हे तिलाही कळत होतं. मराठी नको, तर मराठी नको. आपण तिच्या भाषेत जाऊ. शाळेत दोन तासांच्या मधे, सिटी बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ती कानात इअरफोन घालून बडबडू लागली. इंग्रजीशी नातं असल्याने वाचणं लवकर जमलं; बोलणं जमेना. तळ्याला जो शब्द आहे त्याचा पहिला उच्चार श नाही, ख नाही, फ नाही, गरम चहावर फुंकर घालताना होतो तसा काहीतरी. ती आरशासमोर उभी राहून फुंकत बसायची. आणि मधेच लक्षात यायचं की हा शब्द कसा म्हणायचा हे जिला विचारायचं, ती नाही.

शिकताना एकदाच तिला बरं वाटलं. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एकाच शब्दात कोंबलेल्या. स्वीडिशमध्ये मावशीला वेगळा शब्द निघाला: मुस्तेर. आईची बहीण, आणखी कोणी नाही.

आणखी एक गोष्ट तिला कळली. मतियास बोलताना मधेच हुंदका दिल्यासारखा श्वास आत ओढायचा. कुसाबाईंना वाटायचं, जावई रडतोय. निकितालाही तसंच वाटायचं. एका व्हिडिओत तिला समजलं की स्वीडनच्या उत्तरेकडे, मतियासच्या भागात, तसा श्वास ओढला म्हणजे 'हो'. ती फोनवर जे जे हुंदके समजून गप्प बसली होती, ते सगळे होकार होते.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि ती दिंडोरीला आली. मळ्यात खरड छाटणी होऊन वेलींना नवे फुटवे येत होते. ओसरीत कुरडयांचा चीक शिजत होता, कारण सालाबादप्रमाणे तो शिजायचा असतो. दरवर्षी त्यातला एक डबा स्वीडनला जायचा. कुसाबाईंनी यंदाही तेवढ्याच कुरडया घातल्या.

तिने मतियासला मेसेज केला. फोन थांबवू नकोस. मला फक्त तिला पुस्तक वाचून दाखवू दे. स्वीडिशमध्ये. तिने बोलायची गरज नाही. बघायचीही गरज नाही.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "एकदा बघू."

तिने निवडलेलं पुस्तक मुलांचं होतं. एका गोठलेल्या तळ्याकाठी एक मुलगी राहते, तळ्याखाली एक म्हातारा ड्रॅगन झोपलेला असतो. सोपी वाक्यं, छोटी प्रकरणं. पहिल्या दिवशी तिने सुरुवातीला म्हटलं, "या ए दिन मुस्तेर." मी तुझी मावशी. सागूने फोनकडे पाठ केली, पण खोलीतून गेली नाही. निकिता अडखळत वाचत राहिली. प्रकरण संपलं तरी मुलीची पाठ जागेवरच होती.

दुसऱ्या प्रकरणाला ती बाजूने दिसू लागली. चौथ्याला तिने गुडघ्यावर हनुवटी टेकवली. पाचव्याच्या शेवटी निकिताने विचारलं, "उद्या वाचू?" आणि पलीकडून श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

"रडती का गं ती?" कुसाबाई घाबरल्या.

"नाही आई. हो म्हणाली ती. हो म्हणाली!"

निकिता उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. महिन्यांमागून महिने गेल्यावर पहिल्यांदा तिला वाटलं की हातात काहीतरी लागलंय.

त्या आनंदातच तिने पुढची पानं वाचायला घेतली. आतापर्यंत ती रोजच्यापुरतं एकच प्रकरण तयार करायची, शब्दकोश लावून. सातवं प्रकरण वाचून ती थंड पडली. ड्रॅगन बर्फ फोडतो आणि तळ्याखालून त्या मुलीची आई बाहेर येते. मेलेली आई. केस ओले, हात गरम. मुलगी तिला मिठी मारते आणि आई म्हणते, मी कुठेही गेले नव्हते.

हजारो पानं वाचलेल्या निकिताला हे आधीच कळायला हवं होतं. तिच्या आवडत्या पुस्तकांतली मेलेली माणसं परत येतच असतात. तिला त्यात कधी काही गैर वाटलं नव्हतं. ती आणि तेजल तर अशा पानांवर टाळ्या पिटायच्या. आता तेच पान घेऊन ती एका पोरक्या मुलीसमोर बसणार होती. थांबवावं तर मुलगी पुन्हा पाठ फिरवेल. वाचावं तर काय वाचावं?

तिने तिसरा रस्ता धरला. मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये स्वतःचं प्रकरण रचलं. ड्रॅगन जागा होतो, मुलीला पाठीवर घेतो, डोंगरांवरून फिरवून आणतो. आई नाहीच.

दुसऱ्या दिवशी पुस्तक समोर धरून ती हे खोटं प्रकरण म्हणू लागली. काही वाक्यं झाली असतील. सागू एकदम फोनकडे वळली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहिलं.

"दू यूगेर!" ती किंचाळली. तू खोटं बोलतेस.

निकिताने पुस्तक खाली घेतलं.

"तिथे असं नाहीये. तिथे तिची आई येते. आमच्या शाळेच्या लायब्ररीत आहे ते पुस्तक. मी वाचलंय!" आणि मग, निकिताला जे कोणीच सांगितलं नव्हतं ते ती बोलली. "तू मम्माच्या आवाजात बोलतेस. मम्माच्या आवाजात खोटं बोलू नकोस!"

पडद्यावर छत दिसलं, मग मतियासचा हात, मग काहीच नाही.

कुसाबाईंनी विचारलं, "काय झालं? काय म्हनली?"

निकिताने सांगितलं. आवाजाचंही सांगितलं.

"हायेच तुझा आवाज तिच्यासारखा," कुसाबाई म्हणाल्या. "तू आत कुनाशी बोलती ना, तवा मी भाईर काळीज धरून बसती. वाटतं, तेजलच बोलती."

तेव्हा निकिताला कळलं की पोरीला मराठी नको होती असं नव्हतं. तिला निकिता नको होती. आजीच्या प्रत्येक फोनमध्ये पहिलं "हॅलो" निकिताच म्हणायची. म्हणजे दर रविवारी आई मुलीला हाक मारत होती, आणि ती आई नसायची. आणि निकिताने काय केलं? तो आवाज तिच्या भाषेतही नेऊन पोचवला.

संध्याकाळी मतियासचा मेसेज आला. सागा खूप रडली. आता शरद ऋतूपर्यंत फोन नकोत, प्लीज.

पुढचे दिवस निकिता बोललीच नाही. मळ्यावरची बाई ठमाबाई चहा घेऊन आली तर मान हलवायची. भाजीवाल्याला बोटाने दाखवायची. तिला स्वतःच्या गळ्याची भीती वाटत होती. फोनमधली स्वीडिशची सगळी साधनं तिने काढून टाकली. ती भाषा आता कोणाशी बोलायची? नाशिक जिल्ह्यात तिची गरज असलेलं एकही माणूस नव्हतं. जिथे होतं, तिथे तिने तोंड उघडू नये असं ठरलं होतं.

"निके, चिडली ना ती?" कुसाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या. "चिडली तर चिडू दे. गप बसल्याली पोर मला बघवत न्हवती."

निकिताने तव्यावरची भाकरी उलटली.

सुट्टी संपत आली, बॅग भरून झाली होती, आणि दुपारी फोन वाजला. मतियास. मागे सागू, मांडीवर तेच पुस्तक, लायब्ररीचा शिक्का मारलेलं.

"तिला वाचून दाखवायचंय," तो म्हणाला. "पण तू बोलायचं नाहीस. तिची अट आहे."

निकिताने ओठ मिटून मान हलवली.

सागूने सातवं प्रकरण वाचलं. बोट ठेवून, सावकाश. बर्फ फुटला. आई बाहेर आली. केस ओले, हात गरम. मी कुठेही गेले नव्हते. निकिताला शब्द न् शब्द कळत होता आणि कळत नसता तर बरं, असं वाटत होतं. वाचून झाल्यावर सागूने पुस्तक मिटलं.

"हे पुस्तकात आहे," ती म्हणाली. "खरं असं होत नाही. हो ना?"

निकिताने मान हलवली.

"असं नाही. तोंडाने सांग."

निकिताने मतियासकडे पाहिलं. तो खाली बघत होता. कोणी सोडवणार नव्हतं. तिने आपल्या बहिणीच्या मुलीला, तिच्याच आईच्या आवाजात, तिच्याच भाषेत सांगितलं, "हुन कोम्मेर इंते तिल्बाका." ती परत येणार नाही.

उच्चार कुठेही चुकला नाही. सागूचा चेहरा हळूहळू मोडत गेला आणि ती मोठ्याने रडू लागली, लहान मुलं पडल्यावर रडतात तशी, तोंड उघडून. मतियासने तिला उचलून घेतलं. फोन तसाच चालू राहिला.

"काय सांगितलं तू तिला?" कुसाबाईंनी निकिताचा दंड धरला. "आगं काय सांगितलं?"

निकिताने मराठीत सांगितलं. अंत्यविधी झाल्यापासून कुसाबाईंनी तेजलबद्दल 'होती' असं एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांनी निकिताचा दंड सोडला, पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. फोनच्या अलीकडे आजी रडत होती, पलीकडे नात, आणि मधे निकिता फोन हातात धरून उभी होती. तो कट करावा की नाही, हे तिला समजत नव्हतं.

शाळा सुरू झाली. रविवारी निकिता दिंडोरीला जाते. फोन कधी येतो, कधी येत नाही. आला तर सागू वाचते आणि निकिता तिच्याकडचा माईक बंद ठेवते. मराठीचा एक शब्द अजून सागूच्या तोंडून निघालेला नाही. कधी कधी निम्म्यातच ती फोन ठेवून देते, काही न सांगता.

कुसाबाई शेजारी बसून ऐकतात. एकदा ठमाबाईने त्यांना विचारलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"काय बी नाय," कुसाबाई म्हणाल्या आणि फोन कानाच्या आणखी जवळ घेतला.