कृष्णातनं उचललेला गुलाल

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या गावात घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं अडत नसे, कारण कृष्णात होता. गावच्या पाण्याचे कॉक सोडायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडे. लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघाला, की पहिल्या गल्लीला चाळीस मिनिटं, दुसरीलाही चाळीसच. एकदा त्याच्याच घरी पाव्हणे जमलेले, बायकोचा हंडा अर्धा भरलेला, आणि ह्या बहाद्दरानं वेळ झाली म्हणून कॉक फिरवला. बायको दोन दिवस बोलली नाही. गाव मात्र म्हणू लागलं, कृष्णात म्हणजे बावनकशी माणूस.

त्या नावानंच पुढं त्याचा घात केला.

गावाला पाणी होतं, पण सांडपाण्याला वाट नव्हती. वरच्या सगळ्या गल्ल्यांचं गटार उताराला येऊन विजयमालाकाकींच्या दारात तुंबायचं. काकी जैनांच्या, एकट्या राहायच्या. पिण्याचं पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणारी बाई, आणि तिच्या उंबऱ्यावरून गावाची घाण आत यायची. गाव ते रोज बघायचं आणि नाकाला रुमाल लावून पुढं जायचं.

मग बंदिस्त ड्रेनेजची सरकारी योजना आली. अट एकच, दहावा हिस्सा गावानं आधी भरायचा. घरटी तीन हजार. गाव कसलं देतंय! आधीच्या दोन वर्गण्यांचं पाणी कुठं मुरलं, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. तेव्हा सरपंच विजयसिंहानं कृष्णातच्या खांद्यावर हात टाकला.

"कृष्णात, लोकांचा इस्वास तुझ्यावर हाय. तू जोतिबाचा गुलाल उचल."

त्या भागात गुलाल हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. मोडला, तर त्याच्या घराकडं देव बघतो.

"दादा, पैसा ड्रेनेजलाच लागंल न्हवं?" कृष्णातनं विचारलं.

"आईची शप्पत!" विजयसिंह म्हणाला. स्वतः मात्र गुलालाला शिवला नाही, आणि भोळ्या कृष्णातला ते दिसलंच नाही. भर देवळात त्यानं मूठ वर केली. "ह्यातला एक रुपाया दुसरीकडं गेला, तर माझ्या घराचं वाटुळं हुईल!"

आठ दिवसांत वर्गणी जमली. पहिली भरली ती विजयमालाकाकींनी.

योजनेचे कागद तालुक्याला फिरत राहिले, तेवढ्यात निवडणूक आली. विजयसिंहानं वर्षाची अठराशेची पाणीपट्टी नऊशे केली. गावानं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, कृष्णातही नाचला. अरे, पण मोटार काय सरपंचाच्या भाषणावर चालते? विजेचं बिल पहिल्याइतकंच येत होतं. मग उरलेले पैसे भरतंय कोण, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर कोण कशाला विचारतो?

यंदाच्या ग्रामसभेत ग्रामसेवकानं कागद वाचला. ड्रेनेजची सगळी वर्गणी तीन-सव्वातीन वर्षांत मोटारीच्या वीजबिलात गेली होती. गावाचा हिस्साच उरला नाही, म्हणून योजना परत गेली होती.

कृष्णात उठला. "दादा, तुमी आईची शप्पत घेतलती."

विजयसिंह हसला. "मी काय पैसं खाल्लं व्हय? गावानंच पाणी पिलं की! आणि गुलाल कुणी उचलला? तू. मी न्हवं." मग तो सभेकडं वळला. "वर्गणी पुन्हा उभी करायची, तर आधी पाणीपट्टी परत अठराशे करूया. कोण तयार हाय? हात वर करा."

एकच हात वर झाला, कृष्णातचा.

"आरं, आधी तुझं घर सांभाळ!" मागनं कुणीतरी ओरडलं. "खोटा गुलाल उचललास की!" आणि अख्खी सभा खदखदून हसली. ज्या माणसांना त्यानं बावीस वर्षांत एका मिनिटाचा दगा दिला नव्हता, त्याच माणसांनी त्याला नऊशे रुपयांसाठी उघड्यावर टाकलं. सरपंचापेक्षा हे त्याला जास्त लागलं.

काकी गुडघ्यांमुळं सभेला आल्या नव्हत्या. दुसऱ्या सकाळी पाणी सोडून कृष्णात त्यांच्या दारात गेला. त्यानंच तासाभरापूर्वी सोडलेलं पाणी, गावानं वापरून, काळं होऊन तिथं पोचलं होतं. काकी खराट्यानं ते उंबऱ्याबाहेर ढकलत होत्या. त्यानं सगळं सांगितलं.

"काकी, गुलाल खोटा ठरला. देव आता मला सोडायचा न्हाय."

काकींनी खराटा थांबवला नाही.

"देवाचं तुझं तू बघ, कृष्णात," त्या म्हणाल्या. "मी गुलालाकडं बघून पैसं दिलं न्हवतं. तुझ्याकडं बघून दिलतं."