जावेच्या नाकाने पाहिलेली थेक्कडी

पनवेल स्टेशनात गाडी शिरली तेव्हाच मी दमलेली होते. दिवाळी नुकतीच उरकली होती आणि मला खरं तर रोडपालीच्या घरात दार लावून झोपून राहायचं होतं. पण माझी धाकटी जाऊ, वंदना, ऐकेना.

आम्ही दोघी घरगुती मसाला करून विकतो. दोन वर्षांपूर्वी एका तापानंतर माझं वासाचं ज्ञान गेलं, ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. तेव्हापासून मसाला भाजताना वंदना वास घ्यायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघून गॅस बंद करायची. गिऱ्हाइकं मात्र अजून माझंच नाव घेऊन येत. येता उन्हाळा शेवटचा, मग हे सगळं बंद करायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. वंदनाला सांगितलं नव्हतं.

"जिथं वेलची पिकते तिथं जाव," ती म्हणाली. "तिथं तरी तुजं नाक उघडंल."

कोकणातले बोगदे, मग रात्र, मग सकाळी खिडकीबाहेर नारळ आणि पाणी. कोट्टायमला उतरून आम्ही कुमिळीची बस धरली. घाट सुरू झाला आणि वंदनाने पिशवीत तोंड घातलं. मी तिची पाठ चोळत बसले. दोन्ही बाजूंना चहाचे मळे आणि उंच झाडांवर चढलेले मिरीचे वेल होते म्हणे. मला तिची पाठच जास्त दिसली.

कुमिळी म्हणजे थेक्कडीच्या जंगलाच्या दाराशी वसलेला बाजार. दुकानांपुढे लवंग, दालचिनी, जायपत्रीच्या राशी. रस्ता ओलांडताच वंदना थबकली, डोळे मिटून उभी राहिली. मग चटकन माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.

जेवायला कप्पा (उकडलेला कंद) आणि लाल रश्श्यातली मासळी मिळाली. मला आता मीठ, तिखट आणि आंबट एवढंच कळतं, त्यामुळे ते जेवण मला बरं लागलं. वंदनाला कोकमाची आठवण येत राहिली.

दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या बागेत गेलो. बाग दाखवणारे जोसेफ नावाचे मध्यमवयीन गृहस्थ, हिंदी तोडकं पण हौशी. वेलचीची झाडं माणसापेक्षा उंच, आणि शेंगा मात्र खाली बुंध्याशी, जमिनीलगतच्या देठांना. हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी एक हिरवा एलक्का (वेलची) फोडून माझ्या तळव्यावर ठेवला.

"सूंघो, मॅडम."

मी हात नाकाशी नेला. काहीच नाही. पाण्याचा पेला हुंगावा तसं. इतक्या लांब आल्यावर मला स्वतःच्या आशेची लाज वाटली. मी म्हटलं, "बहुत अच्छा है." वंदना झाडांच्या मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते.

तिसऱ्या दिवशी जंगलातली पायवाट. वनखात्याने दिलेले कापडी मोजे गुडघ्यापर्यंत बांधले, तरी एक अट्टा (जळू) माझ्या मनगटाला चिकटलाच. तळ्यातून सुकलेल्या झाडांची खोडं वर आलेली, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. माझे पाय भरून आले होते. गाईड पुढे, मग आम्ही दोघी.

एका वळणावर गाईडने हात वर केला. "आना," तो कुजबुजला. हत्ती. दिसत काहीच नव्हतं, नुसता बांबू. त्याला वासावरून कळलं होतं, आणि वंदनालाही. तिने माझं मनगट घट्ट पकडलं. त्या क्षणी मी खरी घाबरले. एकटी असते तर सरळ चालत गेले असते.

आम्ही हळूहळू मागे सरकलो. वंदना माझ्या कानाशी लागून सांगत होती, "गोठ्यासारखा हाय. पन आंबट. वली माती, त्यात कुजलेली फनसं टाकल्यावानी... आता कमी झाला. आता नाय." बांबू मोडल्याचा आवाज आला, तोही दूर गेला. हत्ती आम्हाला दिसलाच नाही. पण तो कुठे आहे हे मला पाऊलभरही चुकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी तिला सांगून टाकलं. मसाला बंद करायचं ठरवलं होतं, ते.

"आता काय ठरवलंस?" तिने विचारलं.

"मसाला तू कर. तुझ्या नावाने. मी मिरच्या निवडीन, भाजायला बसेन. रंग दिसतो मला अजून, तडतड ऐकू येते."

"लोकं तुज्याकडं येतात, ताई. माज्याकडं नाय."

"हत्तीचा वास सांगितलास तसा एखादा वास मला आयुष्यात सांगता आला नसता. नाक होतं तेव्हासुद्धा."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. रत्नागिरी गेल्यावर म्हणाली, "धने मी कमी टाकनार. तू लय टाकतीस."

"टाक कमी."

पनवेलला उतरलो तेव्हा दोघींचेही पाय सुजले होते. रिक्षात ती माझ्या खांद्यावर झोपली.

मला वास आजही येत नाही. आता मी वाटही बघत नाही, आणि खरं सांगायचं तर वाट बघण्यानेच मी जास्त दमले होते, हे घरी आल्यावर लक्षात आलं. या उन्हाळ्यात मसाला झाला. कळंबोलीहून दरवर्षी येणाऱ्या एक बाई डबा उघडून हुंगत म्हणाल्या, "ताई, यंदा वेगळाच केलात. छान आहे."

मी वंदनाला हाक मारून आतून बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "हिने केलाय. हिलाच सांगा."