डब्याजवळची जागा

आमच्या घराची सहल कॅलेंडर पाहून ठरत नाही, शेतातला झेंडू पाहून ठरते. रोपं लागली आहेत आणि अजून कळी धरायची आहे, असे ऑगस्टातले थोडे दिवस आम्हाला मिळतात. एकदा फुलांचा तोडा सुरू झाला की दिवाळी संपेपर्यंत अकोटच्या फुलबाजारातून कोणाला मान वर करायची सवड नसते. पुढे शेवंती असतेच. म्हणून आम्ही चिखलदऱ्याला ऑगस्टातच जातो, आणि ऑगस्टात तिथे बहुतेक वेळ ढगांशिवाय काही दिसत नाही. ‘हिवाळ्यात या, काय मस्त दिसतं’ असं सांगणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडते.

लहानपणी आम्ही एसटीने जायचो. अंजनगाव, परतवाडा, मग घाट. सोबत पुऱ्या, आलूची भाजी आणि ठेचा भरलेला मोठा स्टीलचा डबा. तिथली वानरं फार बेरकी. पिशवीची चेन उघडतात, हातातलं कणीस ओढून नेतात. त्यामुळे डब्याजवळ कोणीतरी थांबणं भाग होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आई, हे न बोलता ठरलेलं होतं. ती झाडाखाली सतरंजी टाकून बसायची, डबा मांडीशी, काठी हाताशी. मी, माझा भाऊ आणि बाबा पंचबोल पॉइंटच्या कठड्याकडे धावायचो. दरीत ओरडायचं आणि आपलाच आवाज परत यायची वाट पाहायची, हा आमचा खेळ. भिजून, भुकेजून परत आलो की आई विचारायची, दिसली का दरी? आम्ही भरल्या तोंडाने हो म्हणायचो.

तिने स्वतः दरी कधी पाहिली नव्हती. एवढ्या वर्षांत तिने पाहिलं ते गाड्या उभ्या राहतात ते मैदान, कणसं भाजणाऱ्या बाया आणि वानरं. वानरं मात्र तिला चेहऱ्याने ठाऊक होती. तुटक्या शेपटीचा यंदा दिसला नाही, असं ती परतीच्या वाटेवर काळजीने सांगायची.

पुढे एसटीने जाणं सुटलं आणि भाड्याची जीप आली. तिला काचा नव्हत्या, तेव्हा आई जीपमध्ये बसून राहिली. मग भावाने गाडी घेतली. तिला काचा होत्या, कुलूप होतं, तरी आई बसूनच. गाडीजवळ कोणी पाहिजे, असं ती म्हणे. मी चिडायचे. बाबा म्हणायचे, बसू दे, तिला आवडतं. तिला काय आवडतं हे यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

गेल्या हिवाळ्यात आई दाराच्या चौकटीला धडकायला लागली. शेजारी ठेवलेली फुलांची टोपली पायाने उलटायची आणि मग आमच्यावरच डाफरायची, टोपली इथे कोणी ठेवली म्हणून. मी अमरावतीला नोकरी करते, तिला इकडे आणून डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने जाते, गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी जितकी टिकेल तितकी, असं डॉक्टर म्हणाले. घरी चहा घेताना मला वाटलं, ती आता ऑपरेशनचं विचारेल.

“मले ते दरी पाह्याची हाये,” ती म्हणाली. “तुमी सारे पाहून येता ते.”

मी साखर आणायचं निमित्त करून आत गेले. खूप रडू आलं. रडताना रागही येत होता, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

ऑगस्टात निघालो. आई-बाबा, भाऊ, वहिनी आणि मी. घाट चढतानाच भावाचं तोंड उतरलं, कारण पुढच्या वळणापलीकडे रस्ताही दिसेना. वर पोहोचल्यावर मी बाबांना सांगून टाकलं, आज डब्याजवळ तुम्ही. ते काठी घेऊन गाडीत बसले, दुसऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसवल्यासारखे अवघडून. आईचा हात धरून मी तिला कठड्यापर्यंत नेलं. समोर नुसतं पांढरं. खालून पाण्याचा आवाज तेवढा येत होता. माणसं येत, ढगासोबत सेल्फी काढत आणि भजी खायला निघून जात.

बराच वेळ गेला. भाऊ म्हणाला, हिवाळ्यात पुन्हा येऊ. हिवाळ्यात आम्ही येत नसतो हे त्यालाही माहीत होतं, आणि पुढच्या ऑगस्टापर्यंत आईची नजर किती उरेल हे कोणालाच माहीत नव्हतं. मीही म्हटलं, जेवून घेऊ, मग पाहू. आई कठडा सोडेना. मला भीती वाटत होती. हिला अशीच परत न्यावी लागली तर घरी जाऊन हिच्याशी काय बोलायचं?

तेवढ्यात बाबा छत्री घेऊन आले आणि आईच्या डोक्यावर धरून उभे राहिले. मी विचारलं, डब्याजवळ कोण? दार लावलं, म्हणाले. मग ते आईला समोर काय आहे ते सांगायला लागले. एक काळा कडा आहे. खाली झाडं आहेत. पाणी पडतं. पुढे त्यांना काही सुचेना. इतक्या वर्षांचा ऐवज एवढाच निघाला.

मग ढग हलला. आधी कठड्याखालचं एक झाड दिसलं, मग कडा, मग त्यावरून घरंगळणाऱ्या पाण्याच्या धारा, आणि पाहता पाहता तळापर्यंत सगळी हिरवी दरी उघडी पडली. आम्ही एकदाच ‘अरे वा’ म्हणून मोकळे झालो. आईला ती एका नजरेत मावत नव्हती. तिने मान डाव्या टोकापासून हळूहळू फिरवायला घेतली, तांदूळ निवडतात तशी थोडी थोडी दरी पाहत. पाण्याच्या प्रत्येक धारेवर तिची नजर वरून खाली उतरत होती. मी दरी सोडून तिच्याकडेच पाहत राहिले.

मागे खणकन आवाज झाला. बाबांचं दार लावणं म्हणजे नुसतं लोटणं. दोन वानरांनी डबा बाहेर ओढला होता, झाकण दगडांवरून गडगडत चाललं होतं आणि पुऱ्या चिखलात. भाऊ धावला, वहिनी ओरडली, बाबा उघडी छत्री घेऊन पळत सुटले. मीही अर्धी वळलेच होते.

माझ्या हातातला हात जागचा हलला नाही.

“खाऊ दे त्यायले,” आई म्हणाली. “मी पाहून राहिली.”